खिंडीतलं लॉगिन

लोणावळ्यात आषाढ अर्ध्यावर आला की घरात कोरडं म्हणावं असं काही उरत नाही. टॉवेल दमट, पापड मऊ, कपाटातल्या चपलांवर हिरवी बुरशी, आणि आठवड्यापूर्वी धुतलेले कपडे अजून दोरीवर. शनिवार-रविवारी लोक भिजायला येतात, गाड्यांच्या रांगेत हॉर्न वाजवतात, भाजलेली कणसं खातात आणि संध्याकाळी आपापल्या कोरड्या घरी निघून जातात. त्यांचं बरं आहे. मला या दिवसांत उठल्याउठल्या चहाच्याही आधी लॅपटॉप उघडावा लागतो. पडद्यावर वाड्यांतली नावं दिसेपर्यंत चहाचा घोट घशाखाली उतरत नाही. नवरा टिंगल करतो, म्हणतो तुझा पावसाळा आभाळात नसतोच, सर्व्हरवर असतो. पण नावं यायला उशीर झाला की तोही स्वयंपाकघरातून हळूच विचारतो, आली का गं?

आंदर मावळात एका डोंगराच्या पोटाशी चार वाड्या होत्या. होत्या म्हणते, कारण सगळ्यात वरची वाडी जिथे होती तिथे आता लाल मातीचा लोट आहे. डोंगराच्या माथ्यावर भेग पडलेली आहे हे आधीपासून माहीत होतं. आमचा एक छोटा गट तिच्यावर लक्ष ठेवून असायचा. त्यात कुणी शिक्षक, कुणी डोंगर चढणारे, आणि मी सर्व्हर सांभाळणारी. गटाचे प्रमुख म्हणजे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सर म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. सरांनी प्रत्येक वाडीत पाऊस मोजायचं भांडं बसवलं, भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक वाडीतून एक माणूस निवडला. त्याने रोज सकाळी पाऊस मोजायचा, वरच्या वाडीतल्याने खुंट्यांमधलं अंतरही मोजायचं, आणि आमच्या वेबसाइटवर स्वतःच्या नावाने लॉगिन करून आकडे टाकायचे. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की सर निरोप देणार आणि वाडी खाली गावातल्या शाळेत हलणार. इतकं साधं होतं.

नुसता फोन का नाही, असं मला सगळे विचारतात. त्याचं उत्तर त्याच्या आदल्या पावसाळ्यात आहे. कुणीतरी कुणालातरी मेसेज पाठवला की डोंगर सरकला. भर पावसात पोरंबाळं, म्हातारीकोतारी, गुरंढोरं घेऊन अख्खी वाडी चिखलातून खाली पळाली. एका बाईचा पाय मोडला, दोन गाभण म्हशी ओढ्यात वाहून गेल्या, आणि डोंगर जागचा हललेलाही नव्हता. त्यानंतर लोक कुणाचंच ऐकेनात. तेव्हा सरांनी नियम घातला. निरोप फक्त सरांचाच, आणि तोही नावानिशी आत आलेल्या आकड्यावरूनच. मेसेजवर आलेला आकडा चालणार नाही, सांगोवांगी तर नाहीच नाही. बोलणारा कोण हे आधी पक्कं हवं, असं सर म्हणायचे, आणि मला ते शंभर टक्के पटलेलं होतं.

हे पक्कं करायचं काम सर्व्हरमधला एक तुकडा करायचा. आमच्या भाषेत त्याला मॉड्यूल म्हणतात. माझ्या आधी काम करणाऱ्या मुलाने ते स्वतः लिहिलं होतं. चांगलं तयार मिळत असताना सगळं घरी रांधायचं, ही आमच्या धंद्यातली एक हौस आहे. मुलगा हुशार होता, पण नोकरी लागून परदेशी गेला आणि मागे ठेवलं ते हे मॉड्यूल, ज्याच्याबद्दल त्याने दोन ओळी खरडायचीही तसदी घेतली नव्हती. ते नाव विचारायचं, पासवर्ड विचारायचं, मग आत घ्यायचं किंवा हाकलायचं. हाकललं तर का हाकललं, हे सांगायची पद्धत नाही. एरवी ते बिनतक्रार चालायचं, म्हणून मीही त्याच्या वाटेला गेले नव्हते.

वरच्या वाडीचे शंकरभाऊ मला पहिल्यांदा भेटले ते मी लॉगिन शिकवायला गेले तेव्हा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, अंगाने काटक, बोलण्यात कंजूष. सगळं समजून घेतलं, पासवर्ड ठरवला, मग बराच वेळ फोनकडे बघत राहिले. म्हणाले, मी हितं ऱ्हातो, माझा बाप हितंच ऱ्हायला, मला समदी वळखत्यात, आता ह्याला कसं कळायचं मी म्हंजी मीच? मी हसून सांगितलं की पासवर्ड फक्त तुम्हालाच माहीत, म्हणून. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं हे दिसत होतं.

त्या भागात ओळख पटायची रीत वेगळीच आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका म्हातारीने अडवून विचारलं, कुनाची गं तू? मी माझं नाव सांगितलं, तर तिने हात झटकला. नाव कशाला हवंय, कुणाची ते सांग. माझ्या आजोळचं गाव सांगितलं, मामांचं नाव सांगितलं, तेव्हा कुठे तिच्या कपाळावरची आठी गेली आणि घरात चहा मिळाला. कुणीतरी आपल्यासाठी शब्द टाकावा लागतो, तेव्हाच तिथे माणूस खरा ठरतो. आपण इकडे पासवर्ड, वर ओटीपी, वर अंगठा देतो, आणि तरीही बँकेतला माणूस आपल्याकडे संशयानेच बघतो.

त्या वर्षी मृग कोरडा गेला आणि मग पाऊस लागला तो खळेचना. भाताच्या आवण्या, म्हणजे रोपांची लावणी, सगळीकडे एकदमच सुरू झाल्या. आवणीच्या दिवसांत मी एकदा ती वाट चढून गेलेली आहे. खालच्या वाडीपासून खिंडीपर्यंत दोन्ही बाजूंना चिखलाची खाचरं, त्यांत ओणव्या बायका, डोक्यावरून पाठीवर सोडलेली प्लॅस्टिकची खोळ, हातात रोपांच्या मुठी. सगळं सावडीने चालतं. आज तुझं खाचर, उद्या माझं, परवा तिचं. कुणाला मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे वाटेने जाणाऱ्या एकट्या माणसावर सगळ्यांची कामं पडतात. चाललाच आहेस तर माझ्या गोळ्या आण, चाललाच आहेस तर एवढा निरोप सांग. त्याला कुणी उपकार समजत नाही आणि तोही कुरकुरत नाही.

चारही वाड्यांत फोनला रेंज नाही. ती येते फक्त वर खिंडीत, आणि तीही अशी की फोन लागला तर दोन वाक्यांत तुटतो, वेबसाइटचं साधं पान मात्र कसंबसं उघडतं. म्हणजे आकडे टाकायला रोज ज्याने त्याने खिंड चढायची.

एका सकाळी पडद्यावर एकही नाव आलं नाही. मी थोडी वाट पाहिली. मग शंकरभाऊंचा मेसेज आला, ताई पासवर्ड चूक म्हणतंय. मी नवा पासवर्ड करून पाठवला. थोड्या वेळाने, ह्यो पन चूक. मी आणखी एक दिला आणि लिहिलं, नीट बघून पुन्हा पुन्हा टाका. भेग किती झाली तेही विचारलं. त्या मेसेजवर एकच बरोबरची खूण राहिली. दुसरी काही उमटेना.

सरांना फोन केला. सर म्हणाले, आकडे नाहीत म्हणजे तिकडे पाऊस उतरला असेल, लोक आवणीत असतील, येतील उद्या. माझ्या खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती इतका पाऊस कोसळत होता. माझं डोकंच फिरलं. सर, आकडा आला नाही म्हणजे शून्य आला असं नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच बोलले. नावं नाहीत एवढंच आपल्याला माहीत आहे, बाकी काहीच माहीत नाही. सरांनी फोन ठेवून दिला. ते रागावले होते की घाबरले होते, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशीही पडदा कोरा. वाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर टाकव्याच्या पुढे फरशीपुलावरून पाणी वाहतंय, एसटी तिकडे जात नाही, एवढी बातमी आली. जाऊन बघायचीही सोय नव्हती. मी सकाळपासून त्या मॉड्यूलमागे लागले. लोणावळ्यातून मी माझ्या नावाने लॉगिन केलं, क्षणात आत. शंकरभाऊंच्या नावाने, त्यांना दिलेल्या नव्या पासवर्डने केलं, नाही! पासवर्ड मीच ठरवलेला, मीच टाकलेला, आणि मलाच उत्तर, पासवर्ड चूक.  सर्व्हरचं घड्याळ तपासलं, ठीक होतं. पासवर्ड साठवलेली जागा तपासली, ठीक. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तेच उत्तर. मध्येच वीज गेली. इन्व्हर्टर कुईकुई करत होता आणि नवरा शेजारी पोहे ठेवून गेला. ते तसेच गार झाले.

सरांना पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, मी पासवर्डची अटच काढून टाकते, दार सताड उघडं ठेवते, जो येईल त्याचा आकडा घेऊ. सरांनी ठाम नकार दिला. मग आत आलेला आकडा कुणाचा, हे मी तहसील कचेरीत काय सांगू? मागच्या वर्षी पळालेली माणसं कुणाच्या शब्दावर उठतील? मी म्हटलं, तिथे माणसं आहेत सर, नियम नाहीत. ते म्हणाले, माणसं आहेत म्हणूनच नियम आहे. मी फोन आपटला.  त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, याचाच जास्त संताप येत होता.

दाराशी कोण येऊन गेलं हे सर्व्हर लिहून ठेवतो. ते वाचायला घेतलं. एकाच फोनवरून एकामागून एक चार नावं. पहिल्याचं लॉगिन होतंय न होतंय तोच दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, मग चौथ्याचं. मग हाकललं गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून चारही. चोर असंच करतात. हाताशी लागलेली नावं एकेक करून दारावर लावून बघतात. कुणीतरी आमच्यात घुसून खोटे आकडे टाकायला बघतंय, पुन्हा तीच मागच्या वर्षीची पळापळ करायला बघतंय, असं वाटलं. तो फोन कायमचा बंद करायची सोय माझ्याकडे होती. मी आज्ञा लिहिलीही. फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं.

थांबले ती नावांच्या क्रमामुळे. खालची वाडी, मग ओढ्याकाठची, मग आंब्याची, मग वरची. चोराला हा क्रम कशाला ठाऊक असेल? तो त्या वाटेवरच्या वाड्यांचा क्रम होता, खालून वर चढत गेलं तर लागणारा. कुणीतरी एक माणूस तळाच्या वाडीपासून निघून प्रत्येक खाचराच्या बांधावर थांबत होता. चाललाच आहेस तर माझा पण आकडा टाक. चिखलाच्या हाताने सांगितलेला पासवर्ड, सांगितलेला पाऊस. तो सगळ्यांचं ध्यानात ठेवून वर खिंडीत जात होता आणि भिजलेल्या बोटांनी चार माणसं होत होता. सावडीला खाली उतरलेले शंकरभाऊच ते असणार, खिंडीतून मेसेज त्यांचेच येत होते. आवणीत लॉगिनचीही सावड झाली होती. मी ती आज्ञा पुसून टाकली आणि पाणी प्यायला उठले. 

मग मॉड्यूल उघडून ओळ न् ओळ वाचली. आता काय शोधायचं ते माहीत होतं, म्हणून लवकर सापडलं. एका फोनवरून वेगवेगळी नावं लागोपाठ आली की हे महाशय पासवर्डकडे बघायचेच नाहीत. ती सगळीच नावं ते कित्येक तास बाहेर ठेवायचे, मग ती कुठूनही येवोत. त्या काळात कुणी पुन्हा दार वाजवलं की शिक्षा परत पहिल्यापासून सुरू. आणि बाहेरच्याला मात्र सांगायचं, पासवर्ड चूक. म्हणजे मी पुन्हा पुन्हा टाका म्हणत होते, शंकरभाऊ खिंडीतल्या वाऱ्यात उभे राहून पुन्हा पुन्हा टाकत होते, आणि कडी आणखी घट्ट होत होती. असा राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं.

ती अट काढली. मॉड्यूल नव्याने बांधलं, सर्व्हर सुरू केला, चार नावांवरची शिक्षा पुसली. तोवर दुसऱ्या दिवसाचा उजेड संपला होता, खिंडीत कुणी असणं शक्य नव्हतं. जीव टांगणीला लागला म्हणजे काय, ते मला त्या सकाळची वाट बघताना कळलं. उजाडल्यावर काही वेळाने पडद्यावर पहिलं नाव आलं. मग दुसरं. मग तिसरं. शंकरभाऊंचं नाव सगळ्यात शेवटी आलं, आणि त्यासमोर भेगेचं जे अंतर होतं ते मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं होतं. सरांना तो आकडा वाचून दाखवला. सरांनी मला तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, निघूया.

पावसाने जरा उसंत घेतली होती आणि फरशीवरचं पाणी घोट्यापर्यंत उतरलं होतं.  जीपमध्ये सर लोकांना कसं समजवायचं त्याची मनात जुळवाजुळव करत असावेत. आधी शाळा उघडून घ्यावी आणि मग वाडीकडे चढावं, म्हणून गावात वळलो, तर शाळेच्या आवारात गुरं बांधलेली. व्हरांड्यात विटांच्या चुली पेटलेल्या, बाकांवर गोधड्या वाळत घातलेल्या. अख्खी वरची वाडी तिथे होती. सर जीपमधून उतरले आणि उभेच राहिले. कधी आलात, विचारलं तर एक बाई भाकरी थापता थापता म्हणाली, निरोप आला तवाच की, परवा.

सरांनी माझ्याकडे बघितलं. परवा पडदा कोरा होता. परवा कुणीही कसलाही निरोप दिलेला नव्हता.

शंकरभाऊ मला खूण करून शाळेमागे हातपंपाशी घेऊन गेले. डोळे खोल गेलेले, पायांना खिंडीची लाल माती. सर पण मागोमाग आले, पण भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याशीच बोलले.

"खुंट्यांच्या मधी भेगंत माझी मूठ जात व्हती, ताई. ते मशिन घेईना. माझ्या शबुदावर कुनी उठलं नसतं, मागल्या सालापास्नं. मग सरांचा निरोप आलाय म्हनून सांगितलं. लबाडी केली. तवापास्नं खिंड चढतोय. आकडा येकदा आत गेला की लबाडी खरी व्हईल म्हनलं."

 मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांचा नियम, त्यांचं नाव, आणि त्या नावाने त्यांना न विचारता दिलेला निरोप. मी म्हटलं, भाऊ, आकडा गेलाय आत. त्यांनी फक्त मान हलवली आणि पंपाचं पाणी तोंडावर मारलं.

आम्ही पुढच्या बाजूला आलो तर आवारात वेगळंच चाललं होतं. उघडीप बघून तरणी पोरं बैल सोडायला लागली होती. आवणीची रोपं उपटून मुठी बांधून बांधावर टाकलेली, ती आणखी एक दिवस राहिली तर वर्षाचा भात गेला. डोंगर तर आपला जिथल्या तिथे दिसत होता. शंकरभाऊंकडे बघून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं आणि दोघं-तिघं हसले. त्यातून काशीमावशी पुढे आल्या. आदल्या वर्षी पाय मोडला होता तो यांचाच, अजून काठीशिवाय चालता येत नव्हतं. वाडीतली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती, त्या म्हणतील तसं करायचं हे उघड दिसत होतं. त्या माझ्यासमोर काठी रोवून उभ्या राहिल्या.

"ताई, खरं सांगा. परवा निरोप आलता का न्हाई? शंकरच्या मनचा असंल तर आमी निघतो. आनि पुन्यांदा ह्याच्या सांगन्यावर उठनार न्हाई."

आजचा आकडा खरा होता, तो सांगता आला असता. पण शंकरभाऊ खोटे ठरले असते तर आजच्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता, आणि माणसं त्या भेगेखाली परत गेली असती. "आला होता, मावशी," मी म्हटलं.

त्यांनी माझं तोंड नीट न्याहाळलं. माझ्याकडे मशीन होतं, पण शब्द माझा नव्हता, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्या सरांकडे वळल्या. काही विचारलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. शंकरभाऊ मान खाली घालून उभे होते. नावानिशी आल्याशिवाय एक आकडा न घेणारे आमचे सर, त्यांच्या तोंडून आता खरं तेच बाहेर पडेल, अशी मला भीती वाटली. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला.

"हो," सर म्हणाले. "मीच पाठवला होता."

काशीमावशींनी काठी उचलली आणि आवाराकडे तोंड करून पोरांना सांगितलं, "बैलं बांधा रं परत."